प्रसाद यायला निघतोय

वादी कबीर, मस्कत
शनिवार, ७ ऑगस्ट १९९९

चि. कृष्णकांत यास शैलाताईचे अ. उ. आ.

गुरुवार, दिनांक ५ ऑगस्ट, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. या वेळेला मी सीबच्या विमानतळावर, प्रवासी बाहेर येतात त्या कठड्याला टेकून उभी होते आणि इस्तंबूलहून दुबईमार्गे आलेल्या विमानातला शेवटचा माणूस माझ्या समोरून बाहेर पडला. तो प्रसाद नव्हता. बगलेत गालिच्याची गुंडाळी घेतलेला एक स्थूल गृहस्थ होता. मी त्याच्याकडे इतकी टक लावून पाहत होते की आपल्यालाच घ्यायला कोणी आलंय असं वाटून तो हसला. वेळ मुद्दाम लिहून ठेवली आहे, कारण पुढे तू म्हणणार, ताई, तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल.

गैरसमज झालेला नाही. सोमवारी नाशिकहून तुझा फोन आला. तू म्हणालास की प्रसादने तिकडून तुला फोन केला होता, तो चार तारखेला यायला निघतोय आणि मधे फोन करणार नाही, तेव्हा मी काळजी करू नये. हे तू दोनदा म्हणालास. मी विचारलं, विमान कोणतं. तू म्हणालास, ते नाही बोलला, पोरगा घाईत होता. आईला न कळवता मामाला कळवायला घाई नव्हती, हे तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण मुलगा वर्षाने घरी येणार म्हटल्यावर मी गिळलं.

पुढे काय झालं ते ऐक. हे मत्र्याच्या बाजारातून अख्खी सुरमई घेऊन आले. मराठी मंडळातली चार कुटुंबं मी जेवायला बोलावली. विमानतळावरून आम्ही दोघंच परत आलो तेव्हा ती सगळी माणसं, नव्या साड्या नेसून, माझ्याच बैठकीत माझी वाट पाहत होती. समोरच्या फ्लॅटमधली खतिजा शिरखुर्मा घेऊन आली होती. सगळ्यांनी आमच्या मागे दाराकडे पाहिलं. त्याहून वाईट काही नसतं. जोशीबाई मात्र जेवताना म्हणाल्या, की सुरमई तरी आली ना वेळेवर. मी त्यांना दुसरा तुकडा वाढला नाही.

मी प्रसादच्या कंपनीच्या इथल्या कचेरीत विचारलं. त्यांना एवढंच ठाऊक की रस्त्याच्या मोजणीचं काम तुर्कस्तानच्या आर्तविन प्रांतात चालू आहे आणि प्रसादने रजा टाकली आहे. रजा टाकून तो गेला कुठे?

वादी कबीरच्या शाळेत मी हयातभर भूगोल शिकवला. काळा समुद्र मी पोरांना डोळे मिटून फळ्यावर काढून दाखवत असे. आणि आज माझा स्वतःचा मुलगा नकाशावर कुठे आहे, ते मला ठाऊक नाही. ही नामुष्की तुझ्यामुळे आली आहे.

तेव्हा आता फोन करू नकोस. मी उचलणार नाही. फोनवरच घोटाळा झाला आहे, फोनवर तो निस्तरला जाणार नाही. प्रसाद तुला नेमकं काय म्हणाला, शब्दाला शब्द, ते लिहून पाठव. तुझ्या अर्थासकट नको. तुझा अर्थ मी विमानतळावर पाहिला.

लोभ असावा असं लिहिण्याची रीत आहे. तो सध्या किती शिल्लक आहे ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

शैलाताई

•

नाशिक
रविवार, १५ ऑगस्ट १९९९

ती. सौ. शैलाताईस, कृष्णकांतचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. सौ. सुगंधाने ते मोठ्याने वाचले आणि वाचून झाल्यावर घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवले. तेव्हा शिक्षा इकडेही चालू आहे.

शब्दाला शब्द हवा आहे, तर घे. प्रसाद म्हणाला, मामा, मी चार तारखेला यायला जातोय, महिनाभर फोन लागणार नाही, आईला सांग. इतकेच. आता तूच सांग, "यायला जातोय" हे कुठले मराठी? माणूस जायला निघतो किंवा यायला निघतो. यायला जाणारा मनुष्य मी वृत्तपत्राच्या मुद्रितशोधनात सारा जन्म घालवून पाहिला नव्हता. मला वाटले, पोराचे मराठी अडखळते आहे, नेहमीप्रमाणे. मी "जातोय"चे "निघतोय" केले आणि तुला कळवले. चुकीचे वाक्य पुढे पाठवायचे नाही, ही माझी सवय आहे.

तुझे पत्र आल्यावर मी त्याच्या होपा गावच्या कचेरीत फोन लावला. तिथे एका गृहस्थाला थोडे इंग्रजी येते. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, प्रसाद यायला, प्रसाद यायला. मी म्हणालो, अहो, तेच तर विचारतोय, आला का नाही? शेवटी त्याच्याकडून एकेक अक्षर वदवून घेतले. ताई, यायला हे तिकडच्या भाषेतले नाम आहे! उन्हाळ्यात गावकरी गुरे घेऊन डोंगरमाथ्यावरच्या कुरणात राहायला जातात, त्या कुरणाला यायला म्हणतात. वाय, ए, वाय, एल, ए. प्रसादने "यायलाला जातोय" म्हणायला हवे होते. त्याने विभक्तीचा प्रत्यय खाल्ला. त्या एका "ला"पायी तुझी सुरमई वाया गेली.

आता प्रत्यय खाणारे पोर कोणी घडवले, ते मी बोलू की नको? मस्कतच्या घरात तू त्याच्याशी इंग्रजीत बोललीस. मराठी मागाहून येईल म्हणालीस. त्याला अरबी "यल्ला" आणि "खलास" आधी आले. सुटीत नाशिकला यायचा तेव्हा सुगंधाशी तो हातवारे करून बोलत असे. कॉन्व्हेंटच्या नन लोकांनी तुला उत्तम इंग्रजी शिकवले यात शंका नाही. ते तू जरा कमी उत्तम शिकली असतीस तर गुरुवारी विमानतळावर गेली नसतीस.

मिंदेवा नावाच्या गावाच्या वर ते कुरण आहे, एवढे होप्याच्या माणसाने सांगितले. तो सुखरूप आहे. सप्टेंबरात गुरे उतरतील, तोही उतरेल.

त्या सिलोनच्या मुलीबद्दल मी काही लिहिणार नाही. मी प्रसादला शब्द दिला आहे. त्याने मे महिन्यात कार्ड पाठवले तेव्हाच बजावले होते, की आईला इतक्यात कळू देऊ नये, झरीनच्या वेळी जे झाले ते पुन्हा नको. मला ते पटले. तेव्हा त्या विषयावर माझ्याकडून एक अक्षर निघणार नाही.

श्री. भाऊजींस नमस्कार. रागावलीस तरी ताईच आहेस, तेव्हा लोभाची मागणी माझ्याकडून कायम आहे.

कृष्णकांत

ता. क. वरचा परिच्छेद खोडावा असे सुगंधाचे म्हणणे पडले. पण कागदावर खाडाखोड मला आवडत नाही.

•

वादी कबीर, मस्कत
बुधवार, २५ ऑगस्ट १९९९

कृष्णकांत,

आशीर्वाद पुढच्या वेळी.

तुझं पत्र यायच्या आधी सतरा तारखेचा भूकंप आला. टीव्हीवर पत्त्यांसारख्या बसलेल्या इमारती दाखवत होते. मी नकाशा उघडला. इझमित पश्चिमेला, आर्तविन पार पूर्वेला, जॉर्जियाच्या कुंपणाला लागून, मधे अख्खा देश आडवा. हे मी शिकवलेलं आहे. बुद्धीला ते लगेच कळलं. तरी मी होप्याचा फोन फिरवत बसले आणि तो लागेना. ह्यांनी दोनदा सांगितलं, अगं, तिथे काही झालेलं नाही. मी म्हटलं, तिथे म्हणजे कुठे ते आधी सांगा, मग काही झालेलं नाही असं म्हणा.

शेवटी फोन लागला. तुझा तो इंग्रजीवाला मला म्हणाला, की सगळं ठीक आहे, प्रसाद चिचेकलीच्या वर आहे. तू लिहितोस मिंदेवा. मी दोन्ही नावं शोधली. आर्तविन, बोर्चका, शावशात, आर्दानुच, युसुफेली, सगळे तालुके भिंगातून पाहिले. एकही नाव नाही. मिंदेवा म्हणे! नावातच मिंधेपणा आहे. एक गाव सांगताना तुम्ही दोघं दोन गावं सांगता, म्हणजे किमान एक जण खोटं बोलतोय, आणि त्या माणसाला मी ओळखत नाही, तुला ओळखते.

आता मुलगी.

विषयावर अक्षर काढणार नाही असं लिहून तू तिचा देश, कार्डाचा महिना आणि तुझा शब्द, सगळं एका परिच्छेदात ओतलंस. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्याने स्वतःचं लिहिलेलं एकदा वाचावं. मला सांग, डोंगरमाथ्यावर गुरं चारायच्या जागी सिलोनची मुलगी आली कुठून? इथे मस्कतमध्ये घराघरांत सिलोनच्या बायका कामाला आहेत, त्यांच्याशी मला काही वैर नाही. पण प्रसाद तुर्कस्तानात आणि मुलगी सिलोनची, हे ऐकून मी खतिजाला विचारायला गेले, की तुर्कस्तानात असं काही चालतं का. तिने मला पाणी दिलं.

आणि मे महिना! मे, जून, जुलै. जूनमध्ये मंडळाच्या मेळाव्यात मी जोशीबाईंना सांगत होते, की प्रसादसाठी पुण्याची एक आर्किटेक्ट मुलगी पाहिली आहे. तेव्हा तुला ठाऊक होतं. तुलाही मी फोनवर ते सांगितलं, तू म्हणाला होतास, वा, छान.

झरीनचा विषय तू काढलास म्हणून सांगते. तिचे वडील हुसैनमियाँ निझव्याचे, त्यांचं कापडाचं दुकान आहे, मूळचे रत्नागिरीकडचे, भली माणसं. त्यांच्या मुलीशी प्रसादची मैत्री होती. मी तिला चार वेळा घरी जेवू घातलं. तिने मला इंग्रजीतून एक पत्र लिहिलं, मी त्यातल्या चुका दुरुस्त करून ते तिला परत पाठवलं. बस, इतकंच. धर्माचं नाव मी काढलं नाही, जातीचं काढलं नाही, नकारही दिला नाही. शिक्षिकेकडे कागद आला तर ती तपासणारच. दोन महिन्यांत तिच्या वडिलांनी तिचं रत्नागिरीला लग्न लावलं, त्यात माझा काय संबंध? आमच्या सिस्टर फिलोमिना माझी प्रार्थनासुद्धा तपासत असत. मी काही त्यापायी शाळा सोडून पळून गेले नाही.

मला त्या मुलीचं नाव, घराणं आणि त्या गावाचं खरं नाव हवं आहे. तुझ्याकडून नको, तू आता बाद. हेच पत्र होप्याच्या पत्त्यावर प्रसादलाही पाठवत आहे. उत्तर त्याने द्यावं.

सुगंधाला माझा नमस्कार सांग. ताटाशेजारी पत्र ठेवण्याची तिची पद्धत मला आवडली.

शैला

•

चिचेकली, जिल्हा आर्तविन
१ सप्टेंबर १९९९

ती. आईस, प्रसादचा सा. न.

तुझं मामाला लिहिलेलं पत्र होप्याहून जीपने इथे आलं. हे पत्र आमचा एक इंजिनिअर दुबईला जाताना घेऊन जातोय. मराठीत लिहितो आहे कारण इंग्रजीत लिहिलं तर तू जास्त बारीक वाचतेस. चुका असतील.

आधी नाव. तिचं नाव Ceylan आहे. मी मामाला कार्डवर असंच लिहिलं. त्यांच्या लिपीत सी म्हणजे ज. जेयलान. अर्थ हरिणी. ती सिलोनची नाही, ती इथलीच आहे. मामाने ते सिलोन वाचलं आणि मला कधी विचारलं नाही. मला आत्ता कळलं की मामा फोनवर दर वेळी तिच्याकडच्या पावसाची चौकशी का करायचा.

दुसरं, गाव. होप्याचा माणूस आणि मामा, दोघं खरं बोलले. गाव एकच आहे. सरकारने इथल्या खूप गावांना नवीन नावं दिली. बोर्डावर चिचेकली आहे, म्हणजे फुलांचं. जेयलानची आजी चिचेकली म्हणत नाही. ती मिंदेवा म्हणते. कोणी चिचेकली म्हटलं तर ती विचारते, ते कुठे आलं. ती घरात जॉर्जियन बोलते, बाहेर तुर्की. इथे प्रत्येक गावाचं असं आहे, एक नाव पोस्टमनचं आणि एक आजीचं. आम्ही रस्ता मोजायला आलो तेव्हा आमच्या नकाशावर एक नाव आणि माणसांच्या तोंडात दुसरं. पहिला महिना आम्ही अशा गावाचा रस्ता शोधत होतो ज्यात आम्ही उभे होतो.

तुला आवडेल असा भाग आहे, आई. होपा समुद्रावर, चहाचे मळे, पाऊस थांबतच नाही. मग घाट चढून बोर्चका. आर्तविन शहर डोंगराला लटकवलेलं आहे, एका घराची गच्ची म्हणजे वरच्या घराचं अंगण. खाली नदी, चिखलाच्या रंगाची. शावशातला सगळी लाकडाची घरं. आमच्या गावात दरीवर तार बांधलेली आहे, दुधाचे डबे आणि सरपण त्या तारेवरून जातं. मध झाडावर ठेवतात, पोकळ ओंडक्यात, उंच, म्हणजे अस्वल पोचत नाही. जेयलानचे वडील ते मध काढतात. ती सरकारी नर्स आहे, बाळंतपणं करते, वरच्या वाड्यांना चालत जाते. मी पाय मुरगळून तिच्याकडे गेलो होतो. बर्फ पडला की गाव बंद होतं, वसंतापर्यंत.

यायला मी खरंच गेलो होतो. तिच्या घरची सगळी तिथे होती, लग्नाचं बोलायला मला बोलावलं होतं. मग भूकंप झाला. इथे काही हललं नाही, पण तिचा भाऊ इझमितला टायरच्या कारखान्यात आहे. त्याचा चार दिवस पत्ता नव्हता. तिची आई रोज गावाच्या मुख्तारच्या, म्हणजे सरपंचाच्या, घरी जाऊन बसायची, कारण गावातला फोन तिथे आहे. ती फक्त फोनकडे बघायची. मला तुझी आठवण आली. पण तुला फोन केला नाही, ते माझं चुकलं. भाऊ आला. आता तो घरात झोपत नाही, अंगणात झोपतो.

लग्न २ ऑक्टोबरला आहे, इथेच. गुरं तोपर्यंत खाली येतात.

बाबांना माहीत आहे. मी त्यांना त्यांच्या रुसैलच्या ऑफिसात फोन करायचो. एअरपोर्टचं त्यांना माहीत नव्हतं, त्यांना पण खरंच वाटलं की मी येतोय. त्यांच्यावर ओरडू नको.

आता झरीन. तू लिहितेस, फक्त चुका दुरुस्त केल्या. आई, ती ते पत्र चार दिवस लिहीत होती. त्यात तिने लिहिलं होतं की तुझ्या घरात तिला भीती वाटत नाही. तू त्या वाक्यातलं स्पेलिंग लाल केलंस. त्या वाक्याला उत्तर दिलं नाहीस. तिच्या वडिलांनी ते पाहिलं. ते माझ्याशी काही वाईट बोलले नाहीत. म्हणाले, बेटा, आमची पोर तुमच्या घरात रोज परीक्षा देणार नाही.

तू सुधारतेस, मामा सुधारतो. म्हणून मी घरी कमी बोलतो. मामाने नसतं सुधारलं तर तू एअरपोर्टला गेली नसतीस, हे तू पण बघ.

जेयलानचं इंग्रजी झरीनपेक्षा खूप खराब आहे. आजी जेवताना वाटीतून सूप आवाज करून पिते. तिचे वडील कोणाला बसा म्हणायचं विसरतात. म्हणून माझी एक अट आहे. तू आलीस तर तीन दिवस कोणाला काही सुधारायचं नाही. एकालाही नाही. ते जमणार नसेल तर बाबा एकटे आले तरी चालेल. मी सगळ्यांना सांगेन तुझी तब्येत ठीक नव्हती.

रागावू नको असं लिहिणार नाही, तू रागावणारच. पण माझ्यावरची माया संपवू नको.

तुझा
प्रसाद

•

वादी कबीर, मस्कत
रविवार, १२ सप्टेंबर १९९९

चि. प्रसाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

मामाला मी ते मागच्या वेळी दिले नाहीत. तुला देते आहे, कारण तू सुखरूप आहेस हे तुझ्या अक्षरात वाचलं.

आता बाकीचं.

तुझे बाबा आणि मी सध्या गाडीतच बोलतो. ते चालवतात, मी डावीकडे, उजवीकडे एवढंच सांगते. पस्तीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस रुसैलच्या कारखान्यात बसून सून पसंत करतो, संध्याकाळी घरी येऊन विचारतो की आमटीला काय आहे. त्यांच्यावर ओरडू नको असं तू लिहिलंस. ओरडले नाही. त्यांना ते जास्त जड जातंय.

खतिजाला मी सांगितलं, की मुलगी सिलोनची नाही. ती म्हणाली, की मग पाणी परत द्या. या इमारतीत आता सगळ्यांनाच विनोद सुचतात.

तुझ्या अटीबद्दल. अटी भाडेकरूला घालतात. तीन दिवस तोंड मिटून बसायचं असेल तर माझा फोटो ने आणि मांडवात ठेव. तो एक शब्द बोलणार नाही, सुपाच्या आवाजाला हरकत घेणार नाही, उदबत्तीही लावता येईल. मी आले तर बोलणार. तुझे सासरे बसा म्हणायला विसरले तर मी बसेन, विचारणार नाही, तेवढं मला कळतं. आजीबाई त्यांच्या घरात सूप कसं पितात तो त्यांचा प्रश्न आहे, मी तिथे पाहुणी आहे. पण मला आधीच उमेदवारासारखं उभं करून, वागणूक लिहून घेऊन, मग आत घ्यायचं, हे मी माझ्या मुलाकडूनही ऐकून घेणार नाही. अट नामंजूर.

झरीनबद्दल तू लिहिलंस ते मी वाचलं. त्यावर तुला उत्तर देणार नाही. ते वाक्य मला तू नाही, तिने लिहिलं होतं.

तू लिहितोस, माझी तब्येत ठीक नव्हती असं सांगशील. इतक्या वर्षांत मी शाळेत एक दिवस खोटी रजा टाकली नाही. माझ्या नावाने तू ती टाकू नयेस. तुझ्या लग्नात मी नसेन तर लोकांना खरं कारण सांग, की आईला बोलावलं नाही. त्या गावात जी बाई मुलाच्या बातमीसाठी चार दिवस मुख्तारच्या फोनकडे बघत बसली, तिला ते सांग. ती माझ्याबद्दल काय म्हणते, आणि तुझ्याबद्दल काय म्हणते, ते मला ऐकायचं आहे.

आणि "बाबा एकटे आले तरी चालेल" हे वाक्य. प्रसाद, तुझ्या पत्रात बऱ्याच चुका आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही. हे वाक्य मात्र व्याकरणाने अगदी शुद्ध आहे. ते तू चुकून लिहिलेलं नाहीस. ते वाचून मी उठून बाल्कनीत गेले, खाली शाळेची बस उभी होती, ती जाईपर्यंत तिथेच राहिले.

आता नीट ऐक. यायचं कसं, हे मला कोणी सांगायला नको. तुमच्या कचेरीतल्या त्या माणसाशी मी तीनदा बोलले आहे. त्राब्झोनपर्यंत विमान, तिथून समुद्राच्या कडेने होप्याची बस, होप्याहून बोर्चका, पुढे तुमची जीप. व्हिशाचा अर्ज भरलेला आहे, पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे. आजीबाईंसमोर मी मिंदेवा म्हणेन आणि पोस्टात चिचेकली म्हणेन, ते मला जमेल. वाट माहीत आहे म्हणून मी तुझ्या दारात येऊन उभी राहू शकते. पण राहणार नाही. शेजारच्या हळदीकुंकवालाही मी आमंत्रणाशिवाय कधी गेले नाही, मुलाच्या लग्नाला जाणार नाही.

तेव्हा मला तुझ्याकडून एक ओळ हवी आहे. मामाच्या मार्फत नको, बाबांच्या कानात नको, फोनवर तर नकोच. तुझ्या स्वतःच्या अक्षरात, रुसैलच्या फॅक्सवर पाठवलीस तरी चालेल. त्यात अट नको, कारण नको, माझ्या तब्येतीचा उल्लेख नको. "आई, ये" एवढंच लिही.

मंगळवार, दिनांक २१ सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजता ह्यांची कचेरी बंद होते. त्याच्या आत कागद आला पाहिजे. लेखी.

तुझी
आई